मधला

तो टेबलावर पालथा पडला की
मी आधी तळहातावर तेल कोमट करून घ्यायचो.
तिळाचं. त्यात दोन लवंगा, चिमूटभर कापूर,
हे तालमीतल्या दामू वस्तादांचं.
क्लबचा फिजिओ नाक मुरडायचा. वेल्को नाही.

सहा मोसम.
बालेवाडीच्या त्या खोलीत, जिथं नळ गळायचा
आणि पंख्याला दोनच वेग होते, बंद आणि वादळ,
मी त्याची सगळी कारकीर्द अंगठ्यांनी वाचली.

डाव्या घोट्यावर गाठ होती, सुपारीएवढी.
ती एकोणिसाव्या वर्षाची.
मारित्सा नदीकाठचं मैदान, गोठलेली माती, पहिलाच सामना.
पोटरीत आडवी खाच होती,
तिच्याबद्दल तो फक्त एवढंच म्हणाला, कप गेला तो उन्हाळा.
उजवा गुडघा दोनदा उघडलेला,
टाके इतके सरळ
की कॅम्पातल्या शिंप्यानंही मान डोलवावी.

तिकडं चौदा वर्षं एकच क्लब, पाठीवर एकच सहा नंबर.
मालक बदलले, कोच बदलले, एकदा तर क्लबचं नावही बदललं.
हा तिथंच, मैदानाच्या मधोमध,
खांबासारखा नव्हे, बिजागरीसारखा.

गोल किती केलेस, मी एकदा विचारलं.
त्यानं बोटं मोजली.
दोन हात पुरले, वर एक अंगठा उरला.

मग करत काय होतास रे इतकी वर्षं?

तो उठून बसला, अंगाला तेल तसंच.
माझी तेलाची बाटली, कापराची डबी, माझा चष्मा
टेबलावर मांडला,
आणि बाटलीचं झाकण त्यांच्यामधून असं सरकवलं
की चष्मा बघत राहिला
आणि झाकण डबीपाशी पोचलं.
बस्स, म्हणाला. हा शब्द त्यानं इथंच उचललेला.

मला कळलं ते.
आम्ही तिघं भाऊ. थोरल्याच्या नावानं दुकान,
धाकट्याच्या नावानं नवस.
मधल्यानं पाणी भरायचं, निरोप पोचवायचे,
आणि दोघं भांडले की मध्ये उभं राहायचं.

पहिल्या वर्षी मात्र फार घोटाळे झाले.
त्यांच्याकडे मान आडवी हलली की हो,
खाली-वर झाली की नाही.
दुखतंय का विचारलं, की हा मान आडवी हलवायचा,
आणि मी आणखी जोर लावायचो.
औंधच्या टपरीवर, आणखी एक चहा?
याची मान आडवी. पोऱ्यानं कप उचलून नेला.
हा बघतच राहिला त्या कपाकडे.
मग हळूहळू तो आमची मान शिकला, मी त्याची.
त्यानं तर सगळंच अवघड होऊन बसलं.

शेवटच्या सामन्याला अडीचशे माणसं,
त्यातली निम्मी पासवर आलेली शाळेची पोरं.
वेल्को एकोणचाळीस वर्षांचा.
त्याला अठ्ठावन्नाव्या मिनिटाला उतरवला.
त्यानं चेंडू थांबवला, नुसता थांबवला,
एक श्वासभर,
मग डावीकडं दिला. तिथून तो आत गेला,
आणि खडकीच्या ऑगस्टिननं जाळीत घातला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो ऑगस्टिनचा, हवेत उडालेला.
मागं कोपऱ्यात अर्धा कापलेला पाठमोरा माणूस,
सहा आकड्याचं नुसतं पोट दिसतंय.
मी तो फोटो कापून ठेवलाय.
त्याला सांगितलं नाही.

त्या रात्री खोलीत आम्ही दोघंच.
नळ गळत होता. पंखा वादळावर.
गुडघा टम्म सुजलेला, हातानं धरला तर गरम.
मी विचारलं, आता बास का?

त्यानं मान हलवली. आडवी. एकदाच.

तिकडची की इकडची,
मी विचारलं नाही.
हातावर तेल कोमट झालं होतं.
म्हटलं, दुसरा पाय दे.