मिठाचा पत्ता

पेडण्याच्या बाजारात, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
शाणू बागली आला तो चपला बाहेर काढून.
म्हणाला, "चेडवा, मिठाक एक नांव जाय. नेटार."

नातवाने दुबईहून सांगितलं होतं,
नाव असेल तरच आता गिऱ्हाईक येतं.
आगरवाड्याला चार पिढ्या
नावाशिवायच येत होतं,
होडीतून, बैलगाडीतून, मग टेम्पोतून.

मी टाइप केलं, आगर डॉट कॉम.
उपलब्ध नाही.
"कोण रावता थंय?"
कुणीच नाही. कुठल्याशा देशातून कुणी
घेऊन ठेवलंय, विकायला. अडीच लाख.
हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही.
त्याच्या मानशीपलीकडे तशीच एक जागा आहे:
चिऱ्यांचं कुंपण, लोखंडी गेट, दिल्लीच्या माणसाची पाटी,
आत फक्त गवत
आणि गवतावर नजर ठेवणारा कॅमेरा.

मग शाणूचं मीठ. मग आगरवाडा मीठ, मध्ये आडवी रेघ.
रोमी लिपीत मीठ लिहिलं
की इंग्रजी वाचणारा मिथ म्हणतो.
मिथ म्हणजे रचलेली गोष्ट, मी सांगितलं.
तो हसला नाही. खिशातून पुडी काढली,
काउंटरवर चिमूटभर सांडलं,
राखाडी, जाडं, अजून ओलसर.
"जीब लाय. आनी सांग, फट काय खरें?"

आपल्या लिपीतही मिळतं, डॉट भारत, मी म्हटलं.
पडद्यावरच्या त्या अक्षरांकडे तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, "पूण रशियनांक हें मारूंक येतलें?"
मोरजीला उतरणारे रशियन त्याचं मीठ नेतात,
आंघोळीला.

शेवटी बसलं ते शाणूआगर,
एका दमात, मध्ये जागा न सोडता.
उपलब्ध. हिरवी टिकली.

मालकाचं नाव, फॉर्मने विचारलं.
इथे तो थांबला.
"भाटकाराचें घालचें पडटलें?"
आगर भाटकाराचं, पाणी शापोऱ्याचं,
मानस कोमुनिदादीची,
घराचा खटला मामलेदाराकडे, अजून तारखा पडतात.
नाही, म्हटलं, इथे तुमचंच.
स्पेलिंग दोनदा विचारलं.
आधारवर तो शानू, मतदार यादीत श्यामसुंदर,
आणि जन्माच्या नोंदीत पोर्तुगीज कारकुनाच्या हातचा,
एक्सपासून सुरू होणारा कुणी तरी.
आम्ही आधारवरचा घेतला.

ओटीपी गेला सुनेच्या फोनवर.
सून आगरात, मीठ ओढत,
आणि तिथे रेंज येते ती फक्त
बांधावरच्या तिसऱ्या माडाखाली.
दहा मिनिटं सरली. पुन्हा पाठवला.
आकडे सांगताना तिला धाप लागली होती.

आठशे एकोणपन्नास रुपये, एका वर्षाचे.
"वर्साचेच? मागीर?"
मागीर परत भरायचे. नाही भरले
तर नाव सुटतं, कुणीही उचलतं.
मला वाटलं, आता उठून जाणार.
पण हा माणूस दर वर्षी दिवाळी सरली
की चिखल पायांनी चोपून
तेच वाफे, तेच बांध पुन्हा करतो.
पन्नास वर्षांत एकच आगर पन्नासदा बांधलंय.
"म्हणजे भाड्यान," तो म्हणाला,
"आदींच सांगचें न्ही?"
आणि माझ्या दिनदर्शिकेच्या पाठीवर
पुढल्या वर्षाची तारीख स्वतःच्या हाताने लिहिली,
त्याच्या नाही, माझ्या.

पान उघडलं. पांढरं, रिकामं,
तळाला बारीक अक्षरांत: इथे लवकरच काही येईल.
चष्मा सावरून तो बघत राहिला,
जसं फेब्रुवारीत अकराच्या सुमाराला
वाफ्यातल्या पाण्याकडे बघतात.

पैसे मोजून ठेवले. पुडी विसरला,
की ठेवून गेला.
कीबोर्डमध्ये अजून एखादा खडा आहे.
एंटर दाबलं की कुरकुरतो.