मुक्काम पोस्ट

तीन रात्रींचं तापमान सापडत नव्हतं.
आडगावच्या शीतगृहात द्राक्षं अर्ध्या अंशावर गाढ झोपलेली,
यंत्र चालू, दिवा हिरवा,
आणि नोंदवही कोरी.
खैरनारशेठ फोनवर : मॅडम, कंटेनर उद्या निघतोय,
पलीकडचा माणूस आकडे मागतो, दिवा नाही.

प्रोग्राम माझाच.
त्यात एक ओळ : ‘नोंदी’ उघड, खाली लिही.
कुठल्या ‘नोंदी’, ते लिहिलं नव्हतं.
नाव तेवढं दिलं,
ज्यानं त्यानं आपापल्या जागेवरून शोधावं.

नाशकात हे चालतं.
कॉलेज रोडवरचा माणूस ‘गावात जाऊन येतो’ म्हणतो
आणि मेन रोडवरून पितळी तांब्या घेऊन परततो.
आम्ही गंगा म्हणतो, गोदावरी उघडते.
काशीत हाच शब्द दुसरं पाणी देईल.
शब्दाचा काय दोष?

दौलतला विचारलं, मंगळवारी वीज आल्यावर तूच सुरू केलास ना?
हो.
कुठून?
कुठून म्हणजे? खुर्चीतून.

चालत्या प्रोग्रामला एक मुक्काम असतो.
जन्मतो तो आईच्याच मुक्कामी.
हलायचं तर अर्ज कर्नलकडे
(देवळालीचा नव्हे, यंत्राच्या गाभ्यातला) :
मला तिकडे बसव.
दारातून जायची मुभा असेल तर उत्तर येतं, शून्य.
शून्य म्हणजे काम झालं.
सामान हलत नाही, एक फाइल जागची सरकत नाही,
फक्त ‘इथे’ या शब्दाचा अर्थ बदलतो.

दौलतसाठी मी एक स्क्रिप्टही ठेवली होती,
चार अक्षरांची शहाणी पोर :
आधी योग्य फोल्डरात जा.
ती गेली. खरंच गेली,
पोचली,
आणि तिथेच संपली.
लेकरू कुठेही जावो, आईचा मुक्काम हलत नाही.
दौलतची काळी खिडकी होती तिथेच बसून,
त्यानं तिथूनच पुढची आज्ञा टाइप केली.
चूक कुणाचीच दिसेना, म्हणजे माझी.

सापडल्या.
त्याच्या पुतण्याच्या बारशाच्या फोटोंमध्ये,
पाळणा आणि पेढ्यांच्या ताटाच्या शेजारी ‘नोंदी’.
शून्य पूर्णांक पाच, शून्य पूर्णांक चार, शून्य पूर्णांक पाच,
दर पाच मिनिटांनी, तीन दिवस,
आठशे चौसष्ट ओळी, एक चुकलेली नाही.
इतक्या इमानानं कुणी
चुकीच्या ठिकाणी बसून लिहिलेलं
मी आधी पाहिलं नव्हतं.

मग ती ओळ दुरुस्त केली.
मुळापासून, तिरक्या रेघेपासून पूर्ण पत्ता,
जिल्हा, तालुका, मुक्काम, पोस्ट,
कुठूनही हाक मारली तरी एकाच दारी जाणारा.
लांबलचक, रुक्ष. बिनचूक.

परतताना रिक्षावाला म्हणाला,
इंदिरानगर? बोगद्याच्या अलीकडे की पलीकडे?
मी म्हटलं, आपण आत्ता कुठे आहोत?
त्यानं आरशातून पाहिलं, गर्दीकडे हात केला :
द्वारका, मॅडम.
मघापासून द्वारकाच.