वजनाचा वाद

गिट्टीखदानच्या चौकात, डिसेंबरात,
साडेसातला तर्रीवर तेलाची लाल कड अजून मोडलेली नसते
तेव्हाच हे तिघं भांडायला बसतात.
मी चौथी, बाकाच्या टोकाला.
लेकीकडे राहते. दूध आणते म्हणून निघते
आणि दुधाची पिशवी मांडीवर कोमट होईपर्यंत ऐकते.

हवालदार नंदेश्वर तर्रीतला एक हरभरा
चमच्याच्या टोकावर धरतात:
'हे पाहा, पाच छप्पन. खांद्याले धक्का नाही.
जुन्या शंभर गोळ्यायच्या वजनात ह्या दोनशे येतात.
गोळीचं वजन काट्यावर नाही मोजत बाप्पा,
चढावर मोजतात, गुडघ्यात.'

हकीमुद्दीनभाईंचं सदरला बंदुकांचं दुकान होतं.
आता तिथे मुलगा कॅमेरे विकतो.
'हलकं म्हणजे चिवडा, हवालदार. रानात वजन बोलतं.
अब्बांची वही आहे माझ्याकडे, बहात्तरच्या आधीची.
कोणी काय नेलं, काय पडलं, किती पावलांवर.
सांबर, मऊ टोकाची गोळी: जागीच.
नीलगाय, फौजी गोळी, पूर्ण तांबं चढवलेली:
आरपार. जनावर दीड मैल गेलं.'
मग नेहमीची तक्रार:
'थ्री नॉट थ्री सरकारनं स्वतःकडे ठेवली,
आम्हाला दिली थ्री वन फाइव्ह.
मोठी दाखवली, धाकटी गळ्यात बांधली.'

मी बोलत नाही.
वरणगावच्या कारखान्यात बावीस वर्षं
सरकत्या पट्ट्यासमोर बसले होते.
तोंडाला चीर, गळ्याला पोचा, बुडाला डाग:
लाल डब्यात. बाकीचं पुढे.
अंगठ्याचं नख अजून
औषधाच्या बाटलीच्या कडेवरून तसंच फिरतं.
पुढे म्हणजे कुठे, ते पट्ट्यावर लिहिलेलं नसायचं.

'आन् मारायचं कोणाले आहे?' हवालदार रंगात आले.
'जखमी करा. एक पडला का दोघं उचलतात.
एका गोळीत तिघं कमी. हिशेब आहे हा.'

उमरेडकडचे मडावी तोवर लिंबू पिळत होते.
बी पडली ती बोटानं काढली.
'आमच्याकडं जखमी सोडून आला
तं बाप घरात घेत नव्हता.
रक्ताच्या मागं जाय म्हणे.
रात्र झाली तं झाडावर बस, उजाडलं का पुन्हा जाय.
ते तडफडून रायलं असन
तं तुले भात कसा जाते?'
आणि काडेपेटी मागावी तितक्या सहज:
'तुमचे ते उचलणारे दोघं,
त्यायचं काय होते?'

पोहेवाल्याचा झारा कढईला लागला.
काटोलकडची बस वळली.
हवालदारांनी चमच्यावरचा हरभरा
परत ताटलीत ठेवला, हळू,
जसा आम्ही संशयाचा नग बाजूला ठेवायचो,
नीट बघू म्हणून.

'त्यातला एक मी होतो,' ते म्हणाले.
'मागून. पायाकडून.
सात तास उतरलो.
आधी तो लय बोलला. संत्र्याच्या बागेचं,
बहिणीच्या सोयरिकीचं, कायकाय.
बोलत होता तोवर हलका होता.'

पुढचं कुणी विचारलं नाही.
माझ्या मांडीवर पिशवी कोमट झाली होती.
मला वाटलं विचारावं, कोणत्या साली,
म्हणजे मी तेव्हा पट्ट्यावर होते का ते कळेल;
पण समोरून आलेली गोळी
आमच्या पट्ट्यावरची कशी असेल?
तिथेही कुणी बाई बसलेली असेल.
तिचंही नख.

हकीमुद्दीनभाईंनी तर्री मागितली. घसा खाकरला.
'काही म्हणा,' त्यांनी मुद्दाम आवाज चढवला,
'थ्री वन फाइव्ह दोनशे यार्डांपर्यंत सरळ जाते.'

'सरळ?' हवालदारांनी मान वर केली.
डोळे पुसले, मिरची म्हणून.
'काहून फेकता भाई! दीडशेलेच झुकते ते.
काढा तुमच्या अब्बाची वही.'

मडावींनी बाक थोडा पुढे ओढला.
मी दूध घेऊन उठणार होते,
बसले.