जिभेवरचं वजन

ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी दांड्याला
इथली माणसं टंग म्हणतात. जीभ.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते मी,
वॉल्सनबर्गमधल्या एका भंगारवाल्याच्या अंगणात
सोळा फुटी, सत्त्याहत्तर सालचा, गंजका डबा
नऊशे डॉलरला घेताना.
जिभेला हाड नसतं, असं ऐकत वाढलेली मी.
हिला होतं. चार इंची, पोलादाचं.

एकतीस वर्षं विमा कंपनीत
दुसऱ्यांच्या मरणाची टक्केवारी काढली.
कोण शिडीवर चढतो, कोण सिगारेट ओढतो,
कोणाच्या बापाचं हृदय पन्नाशीत थांबलं.
माझा रकाना कोराच राहिला.
निवृत्त झाले, आणि करवत विकत घेतली.

मागची भिंत कापून खिडकी केली.
कापताना एक उभी फळी गेली.
ती काही पेलत होती का, कोण जाणे.
पाण्याची मोठी टाकी मागे, पलंगाखाली.
बॅटऱ्या मागे.
श्रीरंगच्या पुस्तकांची सहा खोकी,
जी इतक्या वर्षांत मी उघडली नाहीत, तीही मागे.
गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा आला नाही,
तरी पहिली रात्र
नाक उघडं ठेवून जागी.

शेजारच्या लीलंडला विचारलं, चालेल ना?
खाणीत जन्मभर वेल्डिंग केलेला म्हातारा,
उजव्या हाताला साडेतीन बोटं.
टोपी मागे सारून म्हणाला,
"मान तुझी आहे, बाई."

मान माझी!
किती बरं वाटलं ते ऐकून.
साठीनंतर निदान एक वस्तू
कुणाला न विचारता माझी.
लेक फोनवर म्हणाली, हात दाखवून अवलक्षण कशाला गं आई?
मी म्हटलं, आपला हात जगन्नाथ.
ती हसली नाही.

मग लीलंडनेच सांगितलं:
न्हाणीघरातला वजनकाटा आण, एक फळी, दोन विटा.
श्रीरंग रोज सकाळी ज्यावर उभा राहायचा, श्वास रोखून,
जणू हवेचंच वजन वाढतंय,
आणि शेवटी शेवटी, काही न रोखता,
तोच काटा.
त्यावर जीभ टेकवली.
सत्तेचाळीस. तिनाने गुणायचं: एकशे एक्केचाळीस पौंड.
हवे होते तीनशे.
सगळं ओझं पाठीशी, आणि जीभ हलकी.
"असला ट्रेलर उतारावर शेपूट हलवतो," लीलंड म्हणाला,
"आधी थोडंसं.
मग त्याचं त्यालाच थांबता येत नाही."

त्या संध्याकाळी ट्रेलर न जोडता
ला व्हेटाच्या घाटात नुसती गाडी घेऊन गेले.
उतरताना मागे एक पिवळी शाळेची बस.
आरशात, पहिल्याच सीटवर,
एक मुलगा काहीतरी खात होता, संत्रं असावं,
सालं खिडकीशी रचून ठेवत होता, एकेक.
मी वेग कमी केला. बसनेही केला.
एवढंच झालं.
त्याची मान कोणाची, हा प्रश्न
एकतीस वर्षांच्या एकाही अर्जात मी विचारला नव्हता.
अर्ज करणाऱ्याचंच नाव असायचं तिथे.

खोकी पुढे आणली. टाकी सोडवून चाकांवर बसवली,
दोन दिवस गेले, अंगठ्याचं नख गेलं.
खिडकी मात्र ठेवली.
तिच्या दोन्ही अंगांना लीलंडने पोलादी पट्ट्या मारल्या,
कुरकुरत, पैसे न घेता.
पुन्हा काटा. शहाऐंशी.
पुन्हा खोकी हलवली. एकशे तीन.
गुणाकार तीनदा केला, सवयीने.

शून्य झालंय का? नाही. शून्य होत नाही,
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?
पण आता त्या बसवाल्या पोराला
काय सांगायचं, ते जिभेवर आहे.

उद्या उजाडता निघते.
काटा बरोबर घेतलाय, पुढे, दाराशी.
त्याचेही चार पौंड धरलेत.