पारा

शाळेच्या वऱ्हांड्यात तापमापक टांगलेला.
विज्ञानाची पेटी हरवली, तेवढा हा उरला.
दुपारी दोनला शिपाई देवाजी मसराम
आकडा आधी फळ्यावर लिहीत, मग वहीत.

सेहेचाळीस लिहिलं तेव्हा पार हसला :
"देवाजी, तुही काच तापली असन,
भितीवरून काढ."
काढली. निंबाच्या सावलीत टांगली.
सेहेचाळीसच.

पुढं काही वर्षं
"नवतपा हाय बाप्पा, तपनारच.
आमच्या आज्यानं याच्याहून पायलं."
विचारायला आजा उरला नव्हता.

मग त्यावर कोणी बोलेनासंच झालं.
फक्त डाखोरेंच्या सुनंदाचं लग्न
दुपारचं हललं, रात्री नऊला लागलं
(पंचांग भटजींनीच जरा वाकवलं),
रोजगार हमीच्या बाया
चांदण्यातच फावडी घेऊन निघू लागल्या,
आणि चहाच्या टपरीला कूलर आला,
ज्याच्यासमोरची खुर्ची
सरपंचासाठीही कोणी सोडत नाही.

औंदा तालुक्याहून एक मुलगी आली, फॉर्म घेऊन.
उन्हाबद्दल तुम्हाला काय वाटतं?
सगळा पार एका तोंडानं :
"आमी तं पयलेपासून सांगत होतो!"
मीही मान हलवली.

देवाजी आता थकले. वही माझ्याकडे दिली.
सेहेचाळीसचं पान मी घाईनं शोधलं,
हसणाऱ्यांत माझं नाव आहे का बघायला.
नव्हतं. कोणाचंच नव्हतं.
समासात पेन्सिलीनं, बारीक :
"मलाबी पटलं नाही.
उद्या पुन्हा पाहतो."