केसिंग वेगळं

काझी मॅडमनी हायस्कूलची दुर्बीण सड्यावर लावली
ती माझ्या कॉम्प्रेसरच्या गाडीच्या आडोशाला,
कारण वारा होता, आणि तिवईचा एक पाय लंगडा.
माघातली रात्र. खाली जयगडच्या खाडीला ओहोटी.
गुरू दिसला. पिवळट, पोटावर दोन पट्टे,
आणि बाजूला एका ओळीत चार ठिपके.
"हे त्याचे मोठे चंद्र," त्या म्हणाल्या.
मी म्हणालो, खालची माती सांगा.

माझा धंदाच तो. तेवीस वर्षं बोअर मारतोय.
भोकातून काय उडतं ते बघायचं :
आधी तांबडी धूळ, म्हणजे जांभा.
मग शेडी, साबणासारखी, हाताला चिकटणारी.
मग काळा कातळ. मग पाणी.
किंवा मग अजून काळा कातळ.

पहिला आयो. त्याला गुरू इकडून ओढतो,
बाकीचे तिकडून,
तांदळाची उकड मळावी तसा तो मळला जातो
आणि आतून वितळतो.
खाडी नाही, समुद्र नाही,
तिथं दगडालाच भरती येते. शंभर मीटर.
तुरळच्या कुंडावर नाकाला झोंबतो ना, तो गंधक
तिथं तीनशे किलोमीटर उंच उडतो.
तिथं बोअर नको, मी म्हणालो,
न मारताच सगळं वर येतंय.
मॅडम हसल्या. चष्मा दुर्बिणीला लागला
आणि चारही चंद्र थरथरले.

आयोच्या चार फेऱ्या होतात तोवर
युरोपाच्या दोन, गॅनिमीडची एक.
तवसाळची फेरीबोट इतकी वेळेवर कधी सुटली नाही.
म्हणून ओढ चुकत नाही. म्हणून आग विझत नाही.
गॅनिमीड बुधापेक्षा मोठा, पोटात स्वतःचं चुंबक,
अंगावर नांगरल्यासारखे चर.
त्याच्याबद्दल त्या बरंच बोलल्या,
पण मी युरोपावर अडकलो होतो.

युरोपा म्हणजे बर्फ, आणि बर्फाला तडे,
तांबूस, लांबच लांब,
कोळंबी सोलणाऱ्या बाईच्या टाचेसारखे.
खाली पाणी. खारट. पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट.
किती खाली?
"वीस किलोमीटर असेल. नक्की कुणी मोजलं नाही."
मी गाडीच्या पत्र्यावर खडूने हिशोब मांडला.
पासष्ट हजार सहाशे फूट.
रॉड वीस फुटी, म्हणजे तीन हजार दोनशे ऐंशी.
फुटाला एकशेदहा दर लावला तर
बहात्तर लाख सोळा हजार,
केसिंग वेगळं.
"थंडीने तिथला बर्फ दगडासारखा असतो," त्या म्हणाल्या.
मग दर वाढेल, मी म्हणालो.

हसत होतो, पण तेव्हाच मला
सत्यवती डिंगणकरीण आठवली.
तीनशे चाळीस फूट गेलो तिच्या परड्यात.
काळा, काळा, काळा. शेवटी बिट तुटला.
तिने काजूचे पैसे पदरातून सोडून मोजून दिले,
वर म्हणाली, "दगड कुणाचा ऐकत नाय, बाबा,"
आणि मला सोलकढी दिली.

चौथा कॅलिस्टो. तो या ओढाताणीत नाही, लांब फिरतो.
दगड आणि बर्फ आत अजून पुरते वेगळे झालेले नाहीत.
कोट्यवधी वर्षं वरून आदळलं तेवढं सगळं
कातडीवर तसंच आहे, काही पुसलेलं नाही.
आमच्या या कातळावर पण कुणीतरी मासा खोदलाय,
पावसाळ्यात त्याच्या पोटात पाणी साचतं,
गुरं पितात.

दहा वाजता मॅडमना घरी सोडलं.
परत येताना गाडी आपोआप डिंगणकरांकडे वळली.
परड्यात केसिंगच्या तोंडावर तिने जातं पालथं घातलेलं.
सरकवलं. कान लावला.
पाणी नव्हतं.
पण खालून गार हवा येत होती, हळूहळू,
आणि घरात दिवा लागला :
"कोण तो?"
मी, म्हटलं. बोअरवाला.
"आता काय राहिलं तुझं?"