इरेरु ना

शीतल मगदूम हे पुरुषाचं नाव आहे,
हे पुण्याकडं गेलं की दरवेळी सांगावं लागतं.
तसंच तो जे वाजवतो त्याचंही.
"जपानी म्हणजे? कराटेतलं?"
तो म्हणतो, नाही, रात्रीच्या रस्त्याचं.
त्र्याऐंशी सालातल्या, समुद्राकडेच्या.
गाडीची काच खाली, कुणीतरी नुकतंच सोडून गेलेलं,
आणि तरी बास बघा कसा
उड्या मारत चाललाय.
त्र्याऐंशी साली शीतलची आई चौथीत होती, हुपरीला.

उद्यमनगरात आमची मशिनं शेजारी-शेजारी.
माझं राजकोटचं.
त्याचं जपानी, तिसऱ्या मालकाकडनं आलेलं,
हिरवा रंग कोपऱ्यांवर उडालेला.
दारावर एक पिवळी पट्टी, चार-पाच अक्षरं.
आम्ही सगळ्यांनी तिला ग्रीसचे हात पुसले.
त्यानं ती वहीत उतरवून घेतली
जेवणाच्या सुट्टीत, भाकरी तशीच उघडी ठेवून.

तीन आठवड्यांनी म्हणाला, "लागली."
काय लागली?
"ते ओ इरेरु ना."
म्हणजे?
"हात घालू नका."
आम्ही इतके हसलो की फोरमन बाहेर आला.

कळंब्याच्या खोलीत त्याचा कीबोर्ड,
काळी चार दाबली तर नुसतं टक्.
तिला वळसा घालून त्याच्या सगळ्या चाली.
रेकॉर्ड करताना पंखा बंद, खिडकी बंद,
तरी खाली चटणीचं कांडप सुरू झालं
की ठसका वर येतोच.
एका गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी,
तो शिंकलाय.
काढलं नाही त्यानं. ताल बरोबर होता म्हणे.

मी बेंजो पार्टीतला. वराती, गणपती,
स्पीकर असा की छातीत बेअरिंग फिरावं.
मी म्हटलं, "लेका, तुझ्या गाण्यावर नाचायचं कुठं?"
तो काही बोलला नाही.
माझा बेंजो मांडीवर घेऊन बघत बसला,
टाइपरायटरसारख्या कळा, खालच्या तारा,
पत्र्यावर चिकटवलेली अंबाबाई.
"हा पण तिकडचाच," म्हणाला.
"पार आपल्या पणजोबांच्या काळात बोटीनं आला असणार.
तुला विचारलं का कुणी कधी,
जपानी का वाजवतोस म्हणून?"

मी घरी जाऊन एकेक कळ दाबून बघितली.
वडिलांनी दोन पगार साठवून घेतलेला.
घरचाच वाटायचा.
अजून वाटतो.

मग एका सोमवारी, सुट्टीच्या रात्री,
रंकाळ्यावर भेळवाले गाडे आवरत होते.
समुद्र नाही, पण पाण्यात दिवे पडतात,
तेवढ्यावर भागवायचं.
त्यानं मोबाइल स्टीलच्या ग्लासात उभा केला,
आवाज वाढतो म्हणून.
"सात जणांनी ऐकलंय आतापर्यंत," म्हणाला,
"त्यातली एक बहीण."

आधी बास आला, तोच, उड्या मारणारा,
मग काळी चार टाळून जाणारे सूर,
जसं एखाद्या घरावरनं जायचं नाही म्हणून
माणूस लांबच्या गल्लीनं येतो.
आणि मग त्याचा आवाज,
मशीनवर कधी न ऐकलेला,
हळू:
ते ओ इरेरु ना.

"अरे, हे तर पट्टीवरचं!"
"हं."
शेवटचा 'ना' त्यानं सोडलाच नाही.
ओढला, पाण्यापर्यंत नेला, तिथं थांबवला.
मला हसू आलं नाही.
तिकडं शेवटी ना आला की मनाई,
हे माहीत होतं मला, त्यानंच सांगितलेलं.
पण माझे कान इथले.
ये ना. बस ना जरा.
इतक्यात कुठं निघालीस, थांब ना.

ग्लासात मोबाइलची बॅटरी नऊ टक्के.
तो पाण्याकडं बघत,
"शेवटचं जरा लांबलंय ना?
की परत लावू?"

"लाव ना," मी म्हटलं.